नवा पंप घेण्याआधी पाइप बघा

दिवाळीनंतर आगराला, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेला, शिंपणं सुरू झालं की विजेचं बिल चढतं आणि आपण नव्या पंपाची चौकशी करायला लागतो. त्याआधी विहिरीवर जाऊन पाइप बघा. 2 इंची पाइपातून जोरात पाणी रेटताना बरीच वीज नुसत्या घर्षणात जाते. तेवढंच पाणी अडीच इंची पाइपातून नेलं, तर घर्षण जवळपास एक तृतीयांशावर येतं. काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचे बेंड घाला. विहिरीतल्या पाइपाच्या खालच्या टोकाला असलेल्या फूटव्हॉल्व्हची (झडपेची) जाळी शेवाळ नि पाचोळ्याने तुंबते, ती काढून धुवाच. 3 एचपीचा पंप तासाला साधारण अडीच-तीन युनिट खातो. रोज अर्धा तास वाचला तरी महिन्याला 40 युनिट वाचतात.

किनाऱ्यालगतच्या वाड्यांत खाऱ्या वाऱ्याने स्टार्टरची टोकं गंजतात, तिथे वायर तापते. मेन स्विच बंद करून ती वायरमनकडून साफ करून घ्या.

आणि नारळाची सोडणं (वरची जाड सालं) जाळू नका हो! माड-पोफळीच्या आळ्यात ती उपडी पसरा. ओल टिकते, एखादं शिंपणं सहज पुढे ढकलता येतं.