नाव तेच, शाखा वेगळी: घराजवळचं चेन हॉटेल कसं पारखावं

घराजवळ ओळखीच्या चेनची नवी शाखा उघडली की पहिल्याच शनिवारी रांग लावू नका. उद्घाटनाच्या दिवसांत पुष्कळ चेन आपली मुरलेली माणसं दुसऱ्या शाखांतून तिथे पाठवतात. घडी बसली की ती परत जातात आणि स्वयंपाकघर नव्या पोरांच्या हाती येतं. तुम्हाला वर्षभर जे जेवायचंय ते त्या पोरांच्या हातचं. म्हणून साधारण महिना-दीड महिना जाऊ द्या, मग जा.

परीक्षा ब्रँडची नव्हे, शाखेची घ्यायची असते. ग्रेव्ही, सॉस, मसाला लावलेलं चिकन, पॅटी, पिझ्झाचं पीठ, कधी कधी डोशाचं पीठसुद्धा सेंट्रल किचनमधून, म्हणजे चेनच्या सगळ्या शाखांसाठीच्या एका मोठ्या स्वयंपाकघरातून येतं. या गोष्टी कोथरूडला आणि ठाण्याला जवळपास सारख्याच लागतात. शाखेच्या हातात उरतं ते तव्यावरचं, तेलातलं, तंदूरमधलं काम, वरची फोडणी, भात, कॉफी आणि वाढण्याची वेळ. पहिल्या भेटीत मागवायचं ते हेच. ‘शेफ स्पेशल’ नाव असलेल्या, क्रीम आणि चीजने झाकलेल्या पदार्थात कच्चेपणा लपतो आणि शाखेबद्दल काहीच कळत नाही.

जाण्याआधी दहा मिनिटं

गूगल मॅप्सवर त्या शाखेचंच पान उघडा. एकाच नावाच्या शाखा दोन किलोमीटरवर असतात आणि लोक हमखास चुकीची उघडतात. रिव्ह्यू ‘नवीनतम’ क्रमाने लावा आणि गेल्या दोन-तीन महिन्यांचेच वाचा, जुन्यांतला आचारी एव्हाना बदललेला असू शकतो. एका आठवड्यात दहा-बारा पंचतारांकित रिव्ह्यू आणि प्रत्येकात वेटरचं नाव दिसलं तर ते सोडून द्या. बिल देताना वेटरने टेबलापाशी उभं राहून लिहून घेतलेले असतात ते. दोन-तीन स्टार देणारा माणूस सहसा कामाचं लिहितो: रोटी वातड होती, एसी चालत नव्हता, सांबार दुसऱ्यांदा मागितलं तर गार आलं. एकच तक्रार तीन वेगवेगळ्या लोकांनी केली असेल तर ती खरी धरा.

मग मेनू बघा. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना पदार्थासमोर कॅलरी आणि एका सर्व्हिंगचं माप देणं एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या, नियमांनी बंधनकारक आहे. कॅलरीचं राहू द्या, ते ग्रॅम बघा. समजा एका ठिकाणी पनीर टिक्का ३६० रुपयांना १८० ग्रॅम आहे आणि दुसरीकडे ४१० रुपयांना २४० ग्रॅम. पहिला २ रुपये ग्रॅमने पडतो, दुसरा १ रुपया ७१ पैशांनी. स्वस्त दिसणारं हॉटेल पुष्कळदा असं महाग निघतं. पिझ्झाचंही तसंच. सात इंची पिझ्झाचं क्षेत्रफळ साडेअडतीस चौरस इंच, दहा इंचीचं साडेअठ्ठ्याहत्तर, म्हणजे दुपटीपेक्षा थोडं जास्त. दहा इंची पिझ्झा सात इंचीच्या दुपटीहून कमी किमतीला असेल तर दोन लहान घेण्यात नुकसान आहे.

कोणत्या दिवशी, किती वाजता

हॉटेल उघडल्या उघडल्या जाऊ नका. तंदूर नीट तापायला पाऊण तास ते तास लागतो आणि त्याआधीची रोटी पांढरट, जड येते. दुपारी पाऊण-एकच्या सुमारास आणि रात्री साडेसात-आठला स्वयंपाकघर लयीत आलेलं असतं आणि रेटाही नसतो. बिर्याणीच्या चेनमध्ये तर हे फारच जाणवतं. रात्री साडेदहाला मिळते ती हंडीच्या तळाची, कोरडी आणि मसाल्याने काळपटलेली.

मांसाहारी पदार्थ पारखायचे तर बुधवार, शुक्रवार किंवा रविवार निवडा. आपल्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी घरं पुष्कळ, त्यामुळे त्या दिवशी कोंबडी-मासळीचा उठाव कमी आणि कालचा माल आज निघण्याची शक्यता जास्त. श्रावणात तर मासळीचा विषयच काढू नका. मालवणी चेनमध्ये १ जून ते ३१ जुलै या काळात ‘ताजा पापलेट’ म्हणून सांगितलं तर कुठून आला ते विचारा. पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे बहुतेक माल बर्फातला किंवा बाहेरून आलेला असतो. त्यात वाईट काही नाही, फक्त ताज्याचा भाव त्याला देऊ नका.

काय मागवायचं

दाक्षिणात्य चेनमध्ये साधा डोसा, एक इडली आणि फिल्टर कॉफी. म्हैसूर मसाला किंवा चीज डोसा नको, कारण त्यातला मसाला डोशाची उणीव भरून काढतो. डोसा समोर आला की आधी उलटून बघा. रंग सगळीकडे सारखा सोनेरी असेल तर तव्यावरच्या माणसाला काम येतं. मधे पांढरा आणि कडेला करपलेला असेल तर तवा मधे गार आहे. गर्दीत एकामागून एक पाणी मारत गेल्यावर असं होतं. वर वळ्या किंवा फाटलेल्या जागा दिसल्या तर उलट, तवा फार तापलेला होता, पीठ पसरण्याआधीच चिकटलं. खाताना आंबटपणा जिभेच्या कडेला टोचला तर पीठ जुनं आहे आणि हा दोष दुसऱ्या भेटीतही सापडतो, कारण तो सवयीचा असतो. सांबार चमच्याने ढवळा. वर पाणी आणि खाली डाळ वेगळी बसली असेल तर गर्दी वाढल्यावर गरम पाणी ओतून वाढवलंय. खोबऱ्याची चटणी सगळ्यांत आधी बिघडते, म्हणून दुपारी चारच्या पुढे गेलात तर ती आधी नुसती चाखा.

पंजाबी मेनू पाहून भुलू नका. चाळीस भाज्यांमागे तीन-चार ग्रेव्ह्या असतात: लाल मखनी, पांढरी काजूची, कांदा-टोमॅटोची पिवळी, कुठे कुठे पालकाची हिरवी. पनीर बटर मसाला, पनीर मखनी आणि काजू करी एकाच टेबलावर मागवलीत तर एकच भाजी तीन वाट्यांत खाल्ल्यासारखं होतं. एक कढाई किंवा भुना प्रकार, एक डाळ तडका आणि तंदुरी रोटी एवढ्यात शाखा कळते. फोडणी वरून घातलेली असेल तर लसूण करकरीत आणि जिरं वेगळं दिसतं. डाळ पुन्हा गरम केलेली असेल तर लसूण मऊ आणि तेल डाळीत मुरलेलं.

बर्गर आणि तळलेल्या चिकनच्या चेनमध्ये फ्राइज ‘मीठ न घालता’ मागा. तयार ढिगावर मीठ पडलेलं असतं, त्यामुळे तुमच्यासाठी नवे तळावे लागतात. पाच मिनिटं जास्त लागतील. तिथे घाईत असणाऱ्याने ही युक्ती करू नये, मागची रांग खवळते. पिझ्झा हवा तर मार्गरिटा. पीठ, सॉस आणि चीज याशिवाय तिथे लपायला काही नाही. मधला तुकडा उचलल्यावर टोक पाण्याने लोंबलं तर ओव्हनमधून लवकर काढलाय.

चौघांसाठी पहिल्या फेरीला दोन सूप वन बाय टू, एक स्टार्टर, एक भाजी, एक डाळ आणि माणशी एक रोटी पुरे. वेटरला स्पष्ट सांगा, ‘आधी एवढंच, पुढचं नंतर सांगतो.’ केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, स्वयंपाकघरात गेली की पदार्थ रद्द होणं अवघड, त्यामुळे भाताची ऑर्डर सुरुवातीलाच देऊ नका. चेनमध्ये वेटर वाढवून विकायला शिकलेले असतात: ‘मील करू का, लार्ज करू का, बिसलेरी आणू?’ तीनही प्रश्नांना ‘नको, साधं पाणी’ हे उत्तर आधीच ठरवून ठेवा. बाटली घेतलीत तर छापील किमतीपेक्षा जास्त लावली म्हणून भांडू नका. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला तसं करता येतं, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच सांगितलंय.

बार्बेक्यू नेशनसारख्या बुफेत घोळ वेगळाच. टेबलावरच्या शेगडीवर सळ्या येत राहतात आणि माणसं पहिल्या वीस मिनिटांत बटाटा, कॉर्न आणि अननसावरच पोट भरतात. बसण्याआधी मुख्य जेवण आणि गोडाच्या काउंटरवरून एक फेरी मारा. टेबलावरचा छोटा झेंडा खाली केला की सळ्या थांबतात. तो तुमच्यासाठीच आहे, दर दहा मिनिटांनी बिनधास्त खाली करा. दुपारचा बुफे, त्यातही आठवड्याच्या मधल्या दिवसांत, रात्रीपेक्षा स्वस्त असतो.

जैन जेवण हवं असेल तर ‘जैन मिळेल का’ असं विचारू नका, उत्तर नेहमी हो असतं. ‘जैन ग्रेव्ही वेगळी बनते का, की तयार ग्रेव्हीतच बनवणार?’ असं विचारा. तयार ग्रेव्हीत कांदा-लसूण आधीच असतो. शाकाहारी माणसाने तळणाची कढई वेगळी आहे का ते विचारावं.

बिल

जेवणाइतकंच बिल वाचण्यासारखं असतं. हॉटेलच्या जेवणावर जीएसटी साधारण ५ टक्के, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. सर्व्हिस चार्ज हा कर नाही. तो बिलात आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती कायम ठेवली. ८४० रुपयांच्या जेवणावर नुसता जीएसटी धरला तर ८८२ होतात. १० टक्के सर्व्हिस चार्ज लावून वर कर घेतला तर ९७० रुपये २० पैसे, कारण कर त्या चार्जवरही बसतो. ‘हा काढून द्या’ एवढं शांतपणे म्हटलं तरी बहुतेक ठिकाणी कॅप्टन (वेटरांवर देखरेख करणारा) नवं बिल आणतो. वाढणाऱ्याला काही द्यायचं असेल तर त्याच्या हातात द्या.

बिलावरचं मालकाचं नाव आणि जीएसटी क्रमांक बघण्याची सवय लावा. वर ब्रँडचं नाव ठळक असतं, खाली बारीक अक्षरांत शाखा चालवणारी कंपनी किंवा भागीदारी फर्म. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. तुमच्या भागातल्या दोन शाखांच्या बिलांवर ही दहा अक्षरं सारखी असतील तर मालक एक, आणि एका शाखेचा अनुभव दुसरीलाही बऱ्यापैकी लागू. वेगळी असतील तर दोन्ही स्वतंत्रपणे पारखा. छोटी फ्रँचायझी कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची जीएसटीतली सोय) असेल तर तिला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताच येत नाही. बिलावर ‘कंपोझिशन’ असं छापलेलं असून वर ५ टक्के लावले असतील तर ते चुकीचं आहे. एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांकही बिलावर असायलाच हवा. आणि बिलासाठी मोबाइल नंबर मागितला तर ‘द्यायचा नाही’ म्हणा. त्याच्याशिवाय बिल निघतं.

अ‍ॅपवरची सवलत वापरायची तर बसण्याआधी अटी वाचा. पुष्कळदा ती बुफेला किंवा कॉम्बोला लागू नसते, पैसे अ‍ॅपमधूनच द्यावे लागतात आणि हॉटेलच्या स्वतःच्या ऑफरबरोबर जोडता येत नाही. घरी मागवताना अ‍ॅपवरचा भाव आणि दुकानातल्या मेनूचा भाव शेजारी ठेवून पाहा, अ‍ॅपवरचा बऱ्याचदा चढा असतो. डोसा, फ्राइज आणि तंदुरी रोटी डब्यातून मागवून शाखेला नापास करू नका. बंद डब्यातली वाफ वीस मिनिटांत कुणाचाही डोसा मऊ करते.

दुसरी भेट

पंधरा दिवसांनी पुन्हा जा. पदार्थ तोच मागवा, वेळ मात्र बदला: पहिल्यांदा मंगळवारी रात्री गेला असाल तर आता रविवारी सकाळी नऊला, नाश्त्याच्या ऐन गर्दीत. नवा पदार्थ मागवण्याचा मोह होतोच, पण मग तुलना कशाशी करणार? मंगळवारचा डोसा आणि रविवारचा डोसा सारखा निघाला तर ती शाखा पाहुणे आले तरी डोळे मिटून निवडता येते. गर्दीत घसरत असेल तर मधल्या दिवसांपुरती ठेवा.

पदार्थ बिघडलेला आला तर दुसऱ्या घासालाच सांगा. अर्धा संपवून मग तक्रार केली तर मॅनेजरला तुमच्यावर विश्वास ठेवणं जड जातं. ‘चव नाही’ म्हणू नका. ‘आतून कच्चं आहे’, ‘गार आहे’, ‘पीठ आंबट आहे’ असं नेमकं सांगा म्हणजे आत काय बदलायचं ते कळतं. वेटरशी हुज्जत घालू नका, पदार्थ बदलून देण्याचा अधिकार कॅप्टनला किंवा मॅनेजरला असतो. अन्नात काही सापडलं किंवा नंतर त्रास झाला तर पदार्थाचा आणि बिलाचा फोटो लागतो, त्यात तो १४ अंकी क्रमांक दिसला पाहिजे. तक्रार एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅपवर करता येते. बिलातल्या गडबडीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.