तुकोबांच्या अभंगावर कॉपीराइटचा क्लेम आला तर

गुरुवारच्या भजनाचा व्हिडिओ रात्री साडेदहाला यूट्यूबवर चढवला आणि भांडी घासून हात पुसेपर्यंत मेल हजर. तुमच्या व्हिडिओत कॉपीराइट असलेलं काहीतरी सापडलंय म्हणे. अभंग तुकोबांचा, रूपाचा, म्हणजे विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणारा. गाणारे आमचे आबा, म्हणजे माझे सासरे. चाल त्यांच्या गुरुजींकडून आलेली, वारीत पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात ती. आणि मालक कोण, तर एक डिजिटल संगीत कंपनी, जिचं नावही मंडळात कुणी ऐकलेलं नव्हतं. आबा म्हणाले, "अगं, तुकोबांना जाऊन पावणेचारशे वर्षं झाली. यांनी कुणाकडनं विकत घेतलं?"

तेव्हापासून आमच्या चॅनेलवर असे सात क्लेम आले. पाच सुटले, एक मी मुद्दाम सोडून दिला, एक अजून लटकलाय. तुमच्या मंडळाचाही चॅनेल असेल तर हे वाचून ठेवा.

आधी क्लेम आणि स्ट्राइक यांतला फरक समजून घ्या. क्लेम म्हणजे यूट्यूबच्या कंटेंट आयडी नावाच्या यंत्राने, कंपन्यांनी त्यात भरून ठेवलेल्या गाण्यांशी तुमच्या व्हिडिओची जुळणी लावली. व्हिडिओ बहुधा चालूच राहतो, पण जाहिरातींचे पैसे क्लेम करणाऱ्याकडे जाऊ शकतात. (आमचे सबस्क्रायबर तीनशे बारा, आम्हाला एक पैसा मिळत नाही. तरी आबांच्या आलापात साबणाची जाहिरात लागली.) स्ट्राइक, म्हणजे रीतसर मागणीवरून व्हिडिओ काढला जाणं, मात्र गंभीर: ९० दिवसांत तीन आले की चॅनेल बंद होऊ शकतो. पहिला मेल बहुतेक वेळा क्लेमचाच असतो.

आता फोन ठेवा आणि कॉम्प्युटरवर यूट्यूब स्टुडिओ उघडा. व्हिडिओच्या यादीत निर्बंधांचा रकाना असतो, तिथे 'कॉपीराइट'वर बोट नेलं की तपशील दिसतो. कुठल्या मिनिटापासून कुठल्या मिनिटापर्यंत जुळलंय ते नीट ऐका. बरेच जण हे न करताच भांडायला उठतात. आमच्या व्हिडिओत ०:१४ ते ३:०२ जुळलं होतं, आणि मजा म्हणजे आबा गायला लागतात ०:५० ला. मग जुळलं काय? त्या दिवशी पेटीवाले दादा तापाने झोपले होते म्हणून मी मोबाइलवरचा तानपुरा लावला होता. कुणीतरी तोच तानपुरा खाली वाजवून आपलं भक्तिगीत काढलं, त्या कंपनीने ते गाणं यंत्रात भरलं, आणि ती 'सां सां' तिची झाली. खरं तर सगळ्यांना वापरायला दिलेले असे लूप (पुन्हापुन्हा वाजणारे तुकडे) यंत्रात भरायला यूट्यूबच्याच नियमांत मनाई आहे. भरताना बघतं कोण!

स्टुडिओ तुम्हाला सोपी वाट दाखवेल: तेवढा भाग कापा, आवाज बंद करा, गाणं बदला. आपलं खरं असेल तर यातलं काही करू नका.

पण आपलं खरं आहे का, हे तपासताना लबाडी नको. तीन गोष्टी वेगवेगळ्या धरा: शब्द, चाल, ध्वनिमुद्रण. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्दांचा हक्क कवी गेल्यानंतर ६० वर्षं टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांचं झालं. (आधी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथांच्या लेखनाची संपत आली तेव्हा १९९२ मध्ये ६० केली.) चालीला संगीतकाराच्या मृत्यूपासून हाच हिशेब. ध्वनिमुद्रणाची ६० वर्षं मात्र प्रकाशनापासून: १९६४ ची तबकडी १ जानेवारी २०२५ ला मोकळी झाली, तरी तिच्यातल्या चालीवरचा हक्क अजून बाकी असू शकतो. मी सोडून दिलेला क्लेम असाच होता. शब्द संतांचे, पण चाल रेडिओवर गाजलेली, एका संगीतकाराने बांधलेली. तिथे कंपनीचं बरोबर होतं, आम्ही गप्प बसलो.

आता हरकत घ्या. चार कारणांतून एक निवडावं लागतं: मूळ निर्मिती माझी, परवाना आहे, फेअर यूज, किंवा सार्वजनिक मालकी. नवखे लोक डोळे झाकून फेअर यूज दाबतात. ते टीका, परीक्षण असल्या वापरासाठी आहे. जे जुळलंय त्याचं कारण द्या. आमचा तानपुरा जुळला होता, म्हणून मी परवाना निवडला. मजकूर एवढाच होता, भाचीने इंग्रजी करून दिला:

"०:१४ ते ३:०२ मध्ये ऐकू येणारा स्वर तानपुऱ्याच्या अ‍ॅपचा आहे. अ‍ॅपच्या अटींनुसार तो स्वतःच्या ध्वनिमुद्रणात वापरता येतो. अभंग संत तुकारामांचा, सतराव्या शतकातला. चाल पारंपरिक. गायन आणि ध्वनिमुद्रण आमच्या मंडळाचं, मूळ फाइल आमच्याकडे आहे."

राग, विठ्ठलाची शपथ, 'आमच्या भावना दुखावल्या' यातलं काहीही नको. आणि मूळ फाइल डिलीट करू नका, जागा कमी पडली तर लग्नाचे फोटो हलवा.

पैसे मिळत असतील तर हरकत क्लेमपासून पाच दिवसांच्या आत घ्या, म्हणजे पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला राहतात. कंपनीला उत्तर द्यायला ३० दिवस. ती गप्प बसली तर क्लेम आपोआप सुटतो. आमचे पाचांतले चार असेच सुटले, म्हणजे भांडायला समोर कुणी नव्हतंच. यूट्यूबच्याच अहवालात २०२१ च्या पहिल्या सहामाहीचे आकडे आहेत: ७२ कोटींवर क्लेम, हरकती जेमतेम ३७ लाख, आणि त्यांतल्या ६० टक्के व्हिडिओवाल्यांच्या बाजूने लागल्या. उरलेले सगळे क्लेम खरे होते, की लोक घाबरले? मला विचाराल तर दुसरं कारणही बरंच मोठं असणार.

कंपनीने हरकत फेटाळली तर अपील असतं, त्याला उत्तर द्यायला तिला ७ दिवस. इथे मात्र थांबून विचार करा. अपीलानंतर ती व्हिडिओ काढून टाकायची रीतसर मागणी करू शकते, आणि ती ग्राह्य धरली गेली की स्ट्राइक. त्यावर उलट नोटीस देता येते, पण तिच्यात पूर्ण नाव आणि पत्ता द्यावा लागतो, तो समोरच्याला जातो. शिवाय आपण भारतातले असलो तरी कॅलिफोर्नियातल्या कोर्टाचा अधिकार मान्य आहे असं लिहून द्यावं लागतं. आबांना हे वाचून दाखवलं तर ते टाळ खाली ठेवून नुसते बघत राहिले. इथवर जायचं तर आधी वकिलाला गाठा. आपल्या कायद्याचं कलम ६० त्याला दाखवा: कॉपीराइटच्या बिनबुडाच्या धमक्यांविरुद्ध आपल्यालाही कोर्टात जाता येतं.

चोरी होत नाही असं मी म्हणत नाही. परवा एसटीत शेजारचा पोरगा गेल्या शुक्रवारी लागलेला सिनेमा मोबाइलवर बघत होता, पडद्यासमोरून उठून जाणाऱ्या माणसाच्या सावलीसकट. त्याला कुणी मेल पाठवला नसणार. २०१७ च्या ऑगस्टमध्ये दोन हिंदी सिनेमांची चोरी रोखायला मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून अडीच हजारांवर साइट बंद केल्या, त्यांत इंटरनेट आर्काइव्हही गेलं, जिथे जुनी मोकळी पुस्तकं ठेवलेली असतात. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय.

पुढचे क्लेम टाळायला मी दोन गोष्टी बदलल्या. अ‍ॅपचा तानपुरा बंद. आणि रेकॉर्डिंग आता आधीपासून सुरू करते: पखवाजाला कणीक लावताना, दादा पेटीचा भाता उघडताना, आबा आज कुठला अभंग, कुठल्या चालीत ते सांगताना. ती दहा मिनिटं व्हिडिओत टाकत नाही, फाइलमध्ये तारखेसकट ठेवते. परवा त्यात कणीक कमी पडली म्हणून आबा मला स्वयंपाकघरात हाक मारताना ऐकू येतात.