मांजर म्हातारं, आजारी आणि खातच नाहीये: काय काय करून बघायचं

सगळ्यात आधी घड्याळ बघा. मांजराने शेवटचं नीट कधी खाल्लं ते आठवा, हुंगलं, चाटलं हे धरायचं नाही, खाल्लं कधी. २४ तास उलटून गेले असतील तर आजच डॉक्टरांना फोन करा, रविवार असला तरी. मांजराचं शरीर उपास सहन करणारं नाहीये, खाणं थांबलं की अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन साठायला लागते आणि काही दिवसांत लिव्हरच काम करेनासं होतं, त्यात मांजर गुबगुबीत असेल तर धोका अजून जास्त. आमच्या शेजारच्या काकू म्हणायच्या, "अगं मांजर आहे ते, भूक लागली की झक मारत खाईल." नखरे करणाऱ्या पोराला हे चालत असेल, आजारी मांजराला अजिबात चालत नाही.

मी काही डॉक्टर नाही. ठकी नावाची तिरंगी मांजर आमच्याकडे साडेपंधरा वर्षं होती, त्यातलं शेवटचं दीड वर्ष किडनीची पेशंट, आणि त्या दीड वर्षात डोंबिवलीतल्या आमच्या वन बीएचकेचा निम्मा दवाखाना झाला होता, त्यातनं जे हाताला लागलं ते लिहितेय. सुरुवातीला एका ठिकाणी "वय झालंय मॅडम, होतं असं" म्हणून टॉनिक देऊन परत पाठवलं आणि मी बावळटासारखी दहा दिवस ते टॉनिक पाजत बसले. तुम्ही असं करू नका. म्हातारं मांजर खात नसेल तर रक्त तपासायलाच लावा, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), केएफटी (किडनीची तपासणी), एलएफटी (लिव्हरची), जमलं तर थायरॉइड आणि बीपी पण. ठकीचं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढतं ते) ४.१ आलं, म्हणजे किडनीच्या चार स्टेजमधली तिसरी, आणि मग कळलं की वर्षभर ती जे घटाघटा पाणी प्यायची आणि आम्ही "उन्हाळा आहे" म्हणायचो ते काय होतं.

दवाखान्यात जायच्या आधी एक काम घरी करा. वाटी पुढे ठेवून लांब बसा आणि नुसतं बघा, मोबाइलवर व्हिडिओ काढलात तर उत्तम, कारण डॉक्टरांच्या टेबलवर ते दगडासारखं बसून राहणार आणि काहीच दाखवणार नाही. मांजर उत्साहाने येतंय, घास घेतंय आणि मग डोकं झटकून टाकून देतंय किंवा ओरडून पळतंय, तर तोंड दुखतंय, दात किंवा हिरड्या किंवा किडनीवाल्यांना तोंडात फोड येतात ते. मांजर येतंय, वास घेतंय, ओठ चाटतंय, आवंढे गिळतंय आणि तोंड फिरवून निघून जातंय, तर मळमळतंय. तिसरं म्हणजे जागचं उठतच नाही, पलंगाखाली तोंड भिंतीकडे करून बसलंय, हे सगळ्यात वाईट, लगेच न्या. कानाच्या आतली कातडी पिवळट दिसतेय का, हिरड्या पांढऱ्याफटक आहेत का हेही बघा, दोन मिनिटांचं काम आहे. शीच्या ट्रेमध्ये कोरडे खडे पडत असतील किंवा दोन-तीन दिवस काहीच नसेल तर बद्धकोष्ठानेही खाणं सुटतं, हे मला फार उशिरा कळलं. आणि बोका असेल, ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय आणि लघवी होत नाहीये, तर बाकी सगळं सोडा आणि रात्री दोन वाजता का होईना, रिक्षा करा.

आता मळमळीचं, कारण माझं मत असं झालंय की निम्मी लढाई इथेच आहे. आपण काय करतो, खात नाही म्हटलं की वेगवेगळे पदार्थ घेऊन मागे लागतो. आपल्याला बस लागलेली असताना कोणी तोंडापुढे बिर्याणी धरली तर कसं होईल तसं त्याला होतं, आणि मांजर ते लक्षात ठेवतं, म्हणजे त्या अवस्थेत जे जे पुढे केलं ते पुढे बरं वाटल्यावरही खात नाही. म्हणून आधी उलटी-मळमळीचं औषध, मारोपिटंट किंवा ऑन्डान्सेट्रॉन, डॉक्टर ठरवतील ते, आणि ते पोटात किंवा अंगात जाऊन जरा वेळ गेला की मग खाणं. भूक वाढवायला मिर्टाझापिन देतात, गोळी माणसांचीच असते आणि मांजराला तिचा चतकोर वगैरे तुकडा लागतो, किडनीवाल्यांना तोही रोज नाही, त्यामुळे किती आणि कधी हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. ठकीला पहिल्यांदा दिली तेव्हा रात्रभर घरभर फिरून कोकलत होती पण पहाटे चारला वाटी चाटूनपुसून साफ. सायप्रोहेप्टाडिन नावाचं अजून एक भुकेचं औषध आहे, ते आणि मिर्टाझापिन दोन्ही एकत्र द्यायचं नसतं, आधीच्या डॉक्टरांनी काय दिलंय ते नव्या डॉक्टरांना सांगाच. आणि अंग गरम लागतंय म्हणून घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम असलं काही चुकूनही नको. दोन्हींत पॅरासिटामॉल असतं, आणि त्याची एक गोळी मांजराला मारायला पुरते.

खायला काय द्यायचं? मांजर नाकाने जेवतं. म्हणून फ्रिजमधलं थंड काहीही द्यायचं नाही, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायची, आपल्या बोटाला जेमतेम उबदार लागेल इतपत, उंदीर जसा अंगाने गरम असेल तसं. नाक चोंदलेलं असेल तर आधी ओल्या कापसाने पुसून घ्या. चिकन उकडा, मासे उकडा, पण मीठ-हळद-तिखट काही नको, कांदा-लसूण तर मुळीच नको, ते मांजराच्या रक्ताला विषारी असतं, घरातल्या रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी चालत नाही. साखर-बिखर घालून फायदा नाही, मांजराच्या जिभेला गोड कळतच नाही. आमच्या सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा घरात आणू द्यायच्या नाहीत, पण ठकीने तीन दिवस काही धरलं नाही तेव्हा स्वतः मला म्हणाल्या, "अगं ते ओले बोंबील आण, त्याच्या वासाला ती यायची बघ खालच्या मजल्यावर." मग नाकाला पदर लावून, खिडकी सताड उघडून, एका जुन्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात त्या बोंबील उकडायच्या आणि काटा काढून चमच्याने कुस्करून द्यायच्या. ते पातेलं बाल्कनीत वेगळं ठेवलेलं असायचं, घरात आत नाही!

ताटली सपाट घ्या, खोल वाटीत मिशा घासतात ते काही मांजरांना आवडत नाही, आणि म्हाताऱ्याची मान दुखत असेल तर ताटली दोन-तीन इंच उंचावर ठेवा. चमचाभरच वाढा. वीस मिनिटांत नाही खाल्लं तर उचला, दिवसभर तोच वास समोर नको. आवडत्या खाण्यात औषध कालवू नका, एकदा कळलं की ते खाणंही गेलं. किडनीचं स्पेशल खाणं आणलंय आणि खात नाहीये तर काय, हा प्रश्न सगळ्यांना पडतो, आमच्या डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं की उपाशी राहण्यापेक्षा काहीही खाल्लेलं बरं, डाएट तब्येत सावरल्यावर हळूहळू.

यातलं काहीच चाललं नाही तर सिरिंज. डॉक्टरांना विचारूनच, आणि मळमळ आटोक्यात असेल तरच. आजारी मांजरांसाठी रिकव्हरी नावाचं मऊ खाणं डब्यात मिळतं, त्यात कोमट पाणी घालून घोटायचं आणि चहाच्या गाळणीतनं गाळून घ्यायचं, नाहीतर सिरिंज मधेच अडकते, मग आपण जोर लावतो आणि अख्खं पिचकारीसारखं मांजराच्या डोळ्यात, हे माझ्याकडून झालंय. बाळाला दुपट्यात बांधतात तसं टॉवेलमध्ये गुंडाळा, पाठ आपल्या पोटाला, बसलेल्या स्थितीत, आडवं पाडून नाही. सिरिंज सुळ्याच्या मागे गालाच्या बाजूने, समोरून घशात नाही, मान वर करायची नाही. अर्धा मिली द्या, गिळलं का बघा, मग पुढचं अर्धा. खोकला आला, घरघर आली तर थांबा, फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. ३ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण १६० किलोकॅलरी लागतात, डब्यावर आकडा असतो त्यावरून हिशोब करा, पण बरेच दिवस उपाशी असलेल्याला पहिल्याच दिवशी सगळं भरायचं नाही, पाव-तृतीयांशापासून सुरू करून तीन-चार दिवसांत वाढवतात. झालं की ओल्या कोमट फडक्याने हनुवटी पुसा, अन्न वाळून केस चिकटले की मांजराला स्वतःचीच लाज वाटते असं मला कायम वाटायचं. दिवसातनं चार-पाच वेळा अशी कुस्ती होत असेल तर मानेतनं फीडिंग ट्यूब घालण्याबद्दल विचारा, ऐकायला भयंकर वाटतं पण बरं होण्यासारखं दुखणं असेल तर ती सिरिंजपेक्षा कितीतरी सुखाची.

किडनीवाल्यांना सलाइन घरी द्यायला शिकवतात, कातडीखाली. पहिल्यांदा माझे हात थरथरत होते, आठवड्याने मी एका हाताने चहा पीत द्यायला लागले. आरएलची (रिंगर लॅक्टेट, सलाइनचाच एक प्रकार) बाटली खिडकीच्या ग्रिलला अडकवायची, त्याआधी गरम पाण्याच्या बादलीत ठेवून कोमट करायची (मनगटावर थेंब टाकून बघा), नळीतली हवा काढायची, खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलून तंबूसारखी झाली की त्याच्या बुडाशी सुई. सुई दर वेळी नवी. ठकीला एका वेळी १०० मिली सांगितलं होतं, तुमच्याला किती ते डॉक्टर सांगतील, हार्टचा त्रास असेल तर सलाइन उलट महागात पडतं. दिल्यावर पाठीवर बैलासारखं वशिंड येतं, कधी ते पाणी ओघळून पुढच्या पायात उतरतं, घाबरू नका, काही तासांत जिरतं. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवून दवाखान्यात परत द्या, कचरेवाल्याच्या हाताला लागतात.

वजन दर आठवड्याला करा. आम्ही कोपऱ्यावरच्या वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पिशवीतनं करायचो, तो विचारायचा, "काय ताई, आज काय भाव?" ४.२ किलोवरून २.९ पर्यंतचा सगळा प्रवास त्या काट्याने बघितलाय. एक वही ठेवा, किती खाल्लं, उलटी, शी, औषध, कारण तीन दिवसांनी आपल्याला काही आठवत नाही आणि डॉक्टर नेमकं तेच विचारतात.

अजून एक, घरातली एक जागा अशी ठेवा जिथे तुम्ही कधीच सिरिंज किंवा गोळी घेऊन जाणार नाही. ठकीसाठी ती शिलाई मशीनच्या खाली घडी घातलेली गोधडी होती. आधी मी तिथेही घुसायचे, तर ती माझी चाहूल लागली की पळायला लागली, पंधरा वर्षं मांडीवर झोपलेली मांजर! तेव्हा ते बंद केलं. तिथे गेलं की फक्त कानामागे खाजवायचं, विंचरायचं आणि निघून यायचं. ट्रे पण जवळ आणा, एका बाजूने कडा कापून बुटका करा, म्हाताऱ्या गुडघ्यांना उंच कडा चढवत नाही.

थांबायचं कधी, हे कोणी तुमच्यासाठी ठरवणार नाही. अमेरिकेतल्या ॲलिस व्हिलालोबोस या डॉक्टरांची एक मोजपट्टी आहे, वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, प्रत्येकाला १० पैकी मार्क, ३५ च्या वर असेल तर चालू ठेवायला हरकत नाही. मी कालनिर्णयवर चांगल्या दिवसाला टिंब आणि वाईटाला फुली करायचे. गुरगुरतेय म्हणजे मजेत आहे असं मात्र धरू नका, दुखत असलं तरी मांजरं गुरगुरतात. एका आठवड्यात सहा फुल्या आल्या, बोंबलालाही तिने मान उचलली नाही, तेव्हा आम्ही सिरिंज बंद केली आणि डॉक्टरांना घरी यायला सांगितलं.

इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं ठरलं तर काय होतं ते आधी माहीत असलेलं बरं. पहिलं इंजेक्शन गुंगीचं, त्यात ते गाढ झोपतं, मग दुसरं, मिनिटा-दोन मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, लघवी होऊ शकते, म्हणून खाली जुना टॉवेल घाला. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं हलतं, ते जिवंत नसतं. पैशाचं आधीच देऊन टाका, त्या वेळी पाकीट शोधवत नाही. पुरायचं असेल तर जागा आणि परवानगी आधी बघून ठेवा आणि खड्डा चांगला खोल घ्या, कारण औषध अंगात राहतं आणि कुत्र्यांनी उकरून खाल्लं तर त्यांनाही बाधतं. दहन करायचं तर महापालिकेत चौकशी करा.

उरलेले न उघडलेले डबे आणि सलाइनच्या सीलबंद बाटल्या तारीख बघून दवाखान्यात द्या, कोणाला तरी त्याच रात्री लागणार असतात. आमचे चार डबे आणि तीन बाटल्या होत्या. बोंबलाचं पातेलं मात्र सासूबाईंनी अजून बाल्कनीतच ठेवलंय.