दोन ग्राफिक्स कार्डं असूनपण गेम अडकायलाय? आधी बघा राबायलंय कोण

मामाचं पोरगं मागच्या एप्रिलमध्ये लॅपटॉप पाठीला लावून आलं आणि आल्या आल्या चालू झालं, दादा ह्याच्यात दोन दोन ग्राफिक्स कार्डं आहेत म्हणून दुकानवाल्याने गळ्यात मारलं आणि जीटीए फाइव्ह २५ एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमवर रडायलाय. एक इंटेलचं यूएचडी आणि एक एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५०, ४ जीबीवालं. त्या कार्डावर हा गेम फुल एचडीत साठच्या वर निवांत चालतो. मी म्हणलो, दोन कार्डं म्हणजे काय एका जुवाला जुंपलेले दोन बैल नव्हेत बे, लॅपटॉपमध्ये गेम एका वेळी एकच कार्ड ओढतं, दुसरं बसून बघतं, आणि तुझ्यात बसायचं ते ओढायलंय.

तर पहिलं काम. गेम चालू ठेवा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये डावीकडं जीपीयू ० आणि जीपीयू १ दिसतील, जीपीयू म्हणजे ग्राफिक्स कार्डच, नंबरवर जाऊ नका, नाव वाचा. मोठं कार्ड, म्हणजे एनव्हिडियाचं, १-२ टक्क्यावर झोपलंय आणि आतलं इंटेल ९५ टक्क्यावर घाम गाळायलंय असं दिसलं की रोग सापडला. अजून पक्कं करायचं असलं तर डिटेल्स टॅबमध्ये कॉलमच्या नावावर राइट क्लिक करून जीपीयू इंजिन हा कॉलम घ्या, कुठला गेम कुठल्या कार्डावर बसलाय ते सरळ लिहूनच येतं.

मोठं कार्ड व्यवस्थित राबत असतानापण आतल्यावर थोडं लोड दिसणारच, त्याला घाबरायचं नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये स्क्रीनची वायर आतल्या कार्डालाच जोडलेली असते, मोठं कार्ड फ्रेम तयार करून आतल्याच्या हातात देतं आणि ते स्क्रीनवर दाखवतं, एनव्हिडियाने २०१० ला ही ऑप्टिमस नावाची भानगड बॅटरी वाचवायला आणली. म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन इंटेलचं कार्ड डिसेबल करायचा उद्योग करू नका. आमच्या ह्याने कुठला तरी व्हिडिओ बघून तेपण करून झालं होतं, रिझोल्यूशन गेलं, ब्राइटनेस गेला, वर गेम उघडेनाच, आणि मग घरी न सांगता माझ्याकडं.

आता दुरुस्ती. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, आणि एकदम खाली ग्राफिक्स. विंडोज १० मध्ये हे २०१८ च्या एप्रिलच्या अपडेटपासून आहे. गेम लिस्टमध्ये नसला तर ब्राउज करून त्याची एक्सई, म्हणजे गेम चालू करणारी फाइल, दाखवा, ऑप्शन्समध्ये हाय परफॉर्मन्स निवडा, सेव्ह करा, गेम बंद करून परत उघडा. इथं लोक हमखास चुकतात ते म्हणजे लाँचर, गेम उघडून देणारा वेगळा प्रोग्राम, तो सिलेक्ट करतात, लाँचर मोठ्या कार्डावर जातो आणि गेम आहे तिथंच राहतो. माइनक्राफ्टचं जावावालं व्हर्जन असलं तर तर अजून गंमत, तिथं जावाडब्ल्यू डॉट एक्सई शोधावी लागते. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्येपण प्रिफर्ड ग्राफिक्स प्रोसेसर असतं पण नव्या विंडोजमध्ये तिथं काहीपण ठेवलं तरी चालतं ते विंडोजचंच, त्यामुळं तिथं तासभर घालवू नका. काही लॅपटॉपमध्ये मक्स स्विच असतो, तो असला तर स्क्रीन सरळ मोठ्या कार्डाला जोडता येते आणि अजून थोडे फ्रेम मिळतात.

एवढं केलो आणि पोराचा गेम ७० वर गेला. पोरगं खूश. मग १५ मिनिटात परत ३० वर.

सुरुवातीला मस्त आणि मग हळूहळू झोपतंय, म्हणजे गरमी, ह्यात शंका धरायची नाही. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाका आणि खेळता खेळता आकडे बघा, सीपीयू ९५ डिग्रीच्या वर, जीपीयू ८५ च्या वर आणि क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, पडत पडत चाललंय असं असलं तर कार्ड स्वतःला वाचवायला हळू झालेलं असतं. आपल्याकडं एप्रिल-मेला बाहेरच ४२ असतं, खोलीत पत्रा तापलेला, त्यात लॅपटॉप गादीवर. ह्याचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, खाली आणि शेजारी दोन्हीकडं कापडाचे माग, दिवसभर खडखड. मागचं झाकण खोललो तर फॅन स्वच्छ दिसायलाय, मी म्हणलो अरे मग काय. फॅन उचलला तेव्हा दिसलं, फॅन आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये सुताच्या तंतूंची बोटभर रुंद पट्टी बसलेली, चिमटीत धरून ओढली तर अख्खी निघाली, चादरीचा तुकडाच जणू, त्यात एक लाल धागापण. हवा जाणार कुठून.

तुम्ही करणार असाल तर आधी वॉरंटी बघा, लॅपटॉप बंद, चार्जर बाजूला, आत बॅटरीचा कनेक्टर काढा. ब्लोअर मारताना फॅनचं पातं काडीने अडवून धरा नाहीतर हवेने भन्नाट फिरून बेअरिंगची वाट लागते. तीन-चार वर्षं जुना असला तर चिपची गरमी जाळीकडं नेणारी थर्मल पेस्टपण बदला, येत नसलं तर करून घ्या. आणि मागून दोन बोटं उचलून ठेवा, एफपीएस ६० ला लॉक करा, उन्हाळ्यात एवढं पुष्कळ.

चार्जर ओरिजिनलच पाहिजे. १५० वॅटचा लॅपटॉप मोबाइलच्या ६५ वॅटच्या टाइप सीवर चार्जिंग दाखवेल पण कार्डाला दम मिळणार नाही, बॅटरीवर तर गेम खेळूच नका. रॅम ८ ची एकच पट्टी असली तर दुसरी टाका, डबल चॅनल होतं, गेमचे अधनंमधनं बसणारे झटके कमी होतात.

डेस्कटॉपवाल्यांना एकच प्रश्न, मॉनिटरची केबल कुठं लावलीय? जुळे सोलापूरला एका मित्राकडं ड्रायव्हर तीनदा टाकून झाला, विंडोज नवीन मारून झालं, शेवटी मागं वाकून बघितलो तर एचडीएमआय मदरबोर्डच्या पोर्टात. खाली ग्राफिक्स कार्डाची पोर्टं आडवी असतात, तिथं लावा. सहा महिने बे!

आणि खरीखुरी दोन मोठी कार्डं लावून एसएलआय, म्हणजे दोन्हीला मिळून एकच गेम ओढायला लावायची एनव्हिडियाची पद्धत, केलेले कुणी असाल तर वाईट वाटून घेऊ नका. २०२१ च्या जानेवारीपासून एनव्हिडियाने एसएलआयचे नवीन ड्रायव्हर प्रोफाइल देणं बंद केलंय, नव्या गेममध्ये दुसरं कार्ड बहुतेक नुसतं गरम होतं. ४ आणि ४ मिळून ८ जीबीपण होत नाही, दोन्हीत तोच माल भरावा लागतो म्हणून गेमला ४ च. एफपीएस ९० दाखवतोय आणि डोळ्याला झटके जाणवायलेत असं असलं तर ते एक फ्रेम ह्याने एक फ्रेम त्याने काढायच्या पद्धतीमुळं. कंट्रोल पॅनेलमधनं एसएलआय डिसेबल करा आणि तोच गेम त्याच जागी दहा मिनिटं खेळा. एकट्यावर बरं चाललं तर दुसरं काढा, आणि काढल्यावर जीपीयू-झेड ह्या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बस इंटरफेस बघा, बऱ्याच बोर्डांवर दोन कार्डं असली की दोघांना ८-८ लेन, म्हणजे बोर्डाशी बोलायच्या वाटा, मिळतात, एकटं वरच्या स्लॉटमध्ये राहिलं की १६ दाखवायला पाहिजे.