संरक्षणाच्या पिस्तुलासाठी ट्रिगरचे वजन कसे ठरवावे

ग्वाल्हेरमध्ये परवान्याचे शस्त्र बाळगणाऱ्याला ट्रिगर हलका करून घेण्याचा सल्ला जागोजागी फुकट मिळतो, आणि तो देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी स्वतःच्या पिस्तुलाचा ट्रिगर एकदाही मोजलेला नसतो. मी लष्कर भागात राहतो, बावीस वर्षे परवानाधारक आहे आणि ओळखीच्या अनेकांची पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे मोजून पाहिली आहेत. ट्रिगरचे वजन म्हणजे बार उडेपर्यंत बोटाला लावावा लागणारा जास्तीत जास्त जोर. तो किलोत किंवा पौंडांत सांगतात. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम.

सर्वप्रथम आपल्या शस्त्राची जात ओळखावी. नऊ मिलिमीटरचे काडतूस सामान्य नागरिकाला निषिद्ध असल्यामुळे आपल्याकडे बहुतेकांजवळ .३२ चे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असते. रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर ओढताना घोडा, म्हणजे आघात करून काडतूस उडवणारा मागचा भाग, आधी मागे जातो आणि मग सुटतो, म्हणून त्याला साधारण साडेचार ते साडेपाच किलो जोर लागतो; तोच घोडा अंगठ्याने आधी मागे ओढून ठेवला, तर बार त्याच्या निम्म्याहूनही कमी जोरात उडतो. ज्या पिस्तुलात बाहेर घोडाच नसतो, त्यात कारखान्यातून बहुधा अडीच किलोंच्या आसपासचा ट्रिगर येतो.

मग मोजणी. मॅगझिन काढावे, नळीमागील खोबण डोळ्यांनी आणि बोटाने तपासावी, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. ताणकाट्याचा हूक ट्रिगरच्या मध्यावर अडकवून नळीच्या रेषेत सावकाश मागे ओढावा आणि दहा वाचनांची सरासरी घ्यावी. हूक ट्रिगरच्या टोकाला लावला, तर वजन प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते.

खरा प्रश्न खालच्या मर्यादेचा आहे, आणि तिथे मी स्वतः अनेक वर्षे चुकत होतो. क्लबात मी स्पर्धेचे पिस्तूलही चालवत असे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दहा मीटर एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम आणि पंचवीस मीटर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान १,००० ग्रॅम वजन लागते. त्या सवयीमुळे संरक्षणाच्या पिस्तुलाचा अडीच किलोंचा ट्रिगर मला बोजड वाटू लागला, आणि एका मिस्त्रीकडून मी तो सव्वा किलोवर आणून घेतला. कागदावरची छिद्रे एकमेकांच्या जवळ आली आणि माझे समाधान झाले. पुढच्या जानेवारीत, ग्वाल्हेरच्या कडाक्याच्या थंडीत, हातात लोकरीचे मोजे घालून मी रेंजवर उभा होतो. पिस्तूल निशाणाकडे उचलत असतानाच बार उडाला आणि गोळी माझ्यापुढे दोन पावलांवरच्या वाळूत शिरली. बोट ट्रिगरवर आहे हे त्या बधिर बोटाला जाणवलेच नव्हते. कोणाला इजा झाली नाही, परंतु दुसऱ्याच दिवशी मी मूळ स्प्रिंग परत बसवून घेतली.

निशाणावर शांतपणे उभ्या असलेल्या हाताला जे वजन सोयीचे वाटते, त्याचा घाबरलेल्या हाताशी काहीही संबंध नसतो. रॉजर एनोका या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने २००३ मध्ये नकळत बार उडण्याच्या प्रकारांची मीमांसा करताना तीन कारणे मांडली: दुसरा हात जोर करत असताना शस्त्र धरलेल्या हाताच्या मुठीचे आपोआप आवळणे, तोल जाणे आणि अचानक दचकणे. संरक्षणासाठी शस्त्र हातात घेतले जाते, तेव्हा या तिन्हींची शक्यता एकाच वेळी असते, कारण डावा हात दाराची कडी ओढत असतो किंवा मुलाला मागे लोटत असतो, पाय अंधारात पायरी शोधत असतो आणि कानावर कुणाची तरी आरोळी पडते.

आपल्या बोटाची ही सवय शस्त्राला हात न लावता मोजता येते, आणि ही चाचणी केल्याशिवाय कोणीही वजन ठरवू नये असे माझे ठाम मत आहे. प्रवासाचे सामान तोलायचा, कमाल आकडा धरून ठेवणारा डिजिटल काटा भिंतीतल्या भक्कम खिळ्याला बांधावा, त्याच्या हुकात दोरीचा फास अडकवून उजव्या हाताची तर्जनी त्यात नुसती टेकवावी, आणि डाव्या हाताने अडकलेला खण एकदम जोराने ओढावा किंवा घरातल्या कोणाला तरी न सांगता डावा हात खेचायला सांगावे. तर्जनी सैल ठेवण्याचा निश्चय करूनही माझ्या काट्यावर अनेकदा दीड किलोंच्या वर आकडा आला, आणि एकदा तो पावणेदोन किलोंपर्यंत गेला. खऱ्या भीतीत तो याहून मोठा असणार, म्हणून स्वतःच्या सर्वांत मोठ्या आकड्यात किमान पाऊण किलो मिळवावे. माझा हिशेब असा अडीच किलोंवर, म्हणजे कारखान्याने दिलेल्या वजनावरच, येऊन थांबला. तुमची बेरीज त्याहून कमी आली, तरी दोन किलोंच्या खाली कोणीही जाऊ नये. ‘सेफ्टीची कळ आहे, मग हलका ट्रिगर चालेल’ हा युक्तिवाद मला मान्य नाही, कारण ज्या क्षणी दचकण्याचा धोका सर्वाधिक असतो, त्या क्षणी सेफ्टी आधीच उघडलेली असते. रिव्हॉल्व्हरवाल्यांनी याच कारणासाठी घोडा अंगठ्याने मागे ओढून ठेवू नये.

मात्र कोणताही ट्रिगर ट्रिगरवर ठेवलेल्या बोटापासून रक्षण करील, असे समजू नये. पूर्ण ताकदीने आवळलेली मूठ पाच किलोंचा ट्रिगरही ओढू शकते. झाडण्याचा निर्णय होईपर्यंत बोट ट्रिगर गार्डच्या, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीच्या, बाहेर, चौकटीवर सरळ टेकलेले असावे, आणि वरचा सारा हिशेब ही शिस्त एखाद्या वेळी मोडली तर काय, एवढ्यापुरताच आहे.

वरची मर्यादा ठरवणे सोपे आहे. रिकाम्या पिस्तुलाच्या पुढच्या माशीजवळ, म्हणजे नेम धरायच्या खुणेजवळ, एक नाणे ठेवून ट्रिगर ओढावा. दहापैकी आठ वेळा नाणे पडले नाही, तर ते वजन तुमच्या हाताला पेलते. अवाजवी जड ट्रिगरही धोक्याचाच असतो. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी अनेक वर्षे सुमारे बारा पौंडांचा, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोंचा ट्रिगर वापरला. २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर पोलिसांच्या गोळ्यांनी आणि त्यांच्या तुकड्यांनी नऊ वाटसरू जखमी झाले, तेव्हा जड ट्रिगरने नेम हलतो का, हा वाद तिथे पुन्हा पेटला. हलक्या रिव्हॉल्व्हरात हा दोष अधिक जाणवतो. कानपूरचे ‘निर्भीक’ जेमतेम ५०० ग्रॅमचे आहे, आणि इतक्या हलक्या शस्त्रावर त्याच्या वजनाच्या नऊ-दहा पट जोर लावताना नळी हमखास खाली झुकते. त्यावर उपाय सरावाचा, रिकाम्या शस्त्राने रोज वीस वेळा ओढण्याचा. स्प्रिंग कापण्याचा नव्हे. कापलेली स्प्रिंग घोड्याचा आघात कमजोर करते आणि काडतूस नेमके गरजेच्या वेळी फुसके निघते. घोडा अडवून धरणारी खाच घासली, तर तो नुसत्या धक्क्यानेही सुटू शकतो.

काम करून घ्यायचेच असेल, तर मूळ कारखान्याचे सुटे भाग वापरावेत आणि ज्याच्याकडे शस्त्रदुरुस्तीचा परवाना आहे, त्याच्याकडूनच करून घ्यावे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार हा परवाना आवश्यक आहे. शस्त्र परत आले की दहा वाचने पुन्हा घ्यावीत. त्यानंतर वर्षातून दोनदा, उन्हाळ्यातली धूळ बसल्यावर आणि हिवाळ्यात तेल घट्ट झाल्यावर, शस्त्र साफ करून मोजावे आणि आकडा वहीत लिहून ठेवावा. वाचन मागच्या वेळेपेक्षा २०० ग्रॅमने जरी खाली आले, तरी कारण सापडेपर्यंत ते शस्त्र काडतुसे काढून कुलपात ठेवावे.