बोट अडकतंय आणि कट्ट करून सुटतंय? ऑपरेशनच्या आधी हे करून बघा

आमची द्राक्षबाग तासगावकडं. ऑक्टोबर छाटणी झाली, पाठोपाठ विरळणी आली, वर रोज दोन म्हशींच्या धारा, आणि त्यातच आईचं उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट सकाळी उठलं की वाकलेलंच राहायला लागलं. डाव्या हातानं धरून ओढलं की कट्ट आवाज होऊन सुटायचं आणि तळहातात अशी कळ यायची की हातातला तांब्या खाली पडायचा. वात असेल म्हणून महिनाभर तेल लावून ओढत बसली, आणि तिथंच चुकलं. याला ट्रिगर फिंगर म्हणतात, आणि ओढून ते वाढतंच.

होतं काय, तर बोट वाकवणारी दोरी, म्हणजे टेंडन, तळहातातून बोटात जाते आणि बोटाच्या मुळाशी एका अरुंद कडीतून सरकते. सारखं घट्ट पकडून काम केलं की ती कडी जाड होते, दोरीलाही सूज येऊन गाठ धरते. परकराच्या नेफ्यातनं नाडी ओवताना गाठ आडवी आली की कशी अडकते आणि जोर लावला की एकदम सुटते, तसंच हे. घरीच बघता येतं, दुसऱ्या हाताचा अंगठा तळहातावर त्या बोटाच्या मुळाशी ठेवा आणि बोट हळू उघडा-मिटा, ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी सरकताना लागतं. एक्सरे बहुतेक वेळा लागत नाही, डॉक्टर हात दाबूनच सांगतात. पण शुगर नक्की तपासा, कारण डायबेटीस असणाऱ्यांना हे जास्त होतं, थायरॉइड आणि संधिवातवाल्यांनाही होतं.

आता उपाय. पहिला म्हणजे त्या बोटाला सुट्टी, आणि हे सगळ्यात अवघड, कारण घरातल्या बाईला सुट्टी देतंय कोण? कपडे पिळणं, धार काढणं, कणीक मळणं, कात्री चालवणं हे निदान दीड महिना दुसऱ्या कुणीतरी करायचं, आमच्यात धारा दादानं घेतल्या. दुसरा उपाय स्प्लिंट, म्हणजे बोट सरळ धरून ठेवणारी कडक पट्टी. झोपेत आपण नकळत मूठ आवळतो म्हणून सकाळी जास्त अडकतं, तेव्हा रात्री बोट सरळ राहील असा स्प्लिंट लावून झोपायचं. मेडिकलमध्ये मिळतो, पण पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडनं लावून घ्या, कारण बोटाच्या मुळाचा सांधा वाकता कामा नये, हे महत्त्वाचं. 6 ते 10 आठवडे लावावा लागतो, आठ दिवसांत फरक नाही म्हणून काढून टाकू नका.

सकाळी कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं हात बुडवायचा आणि पाण्यातच बोटं सावकाश सरळ, मग हुकासारखी, मग हलकी मूठ, असं पाच-सात वेळा करायचं, अडकायला लागलं की तिथंच थांबायचं. शेजारच्या काकूंनी आईला रबरी बॉल दाबायला सांगितलेलं, ते अजिबात करू नका, घट्ट पकडण्यानंच तर हे दुखणं वाढतं. दुखण्याची गोळी चार दिवस ठीक, पण बीपी, किडनी किंवा ॲसिडिटीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नको.

एवढं करूनही आईचं सकाळचं अडकणं पूर्ण गेलं नाही, मग सातव्या आठवड्यात सांगलीत हाडाच्या डॉक्टरांकडं स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं. नावाला घाबरू नका, ते टेंडनच्या भोवती थोडंसंच देतात आणि निम्म्याहून जास्त लोकांना एकातच बरं वाटतं, कधी लगेच तर कधी दोन-तीन आठवड्यांनी. शुगरवाल्यांना गुण थोडा कमी येतो आणि काही दिवस शुगर वर जाते, आईची चार दिवस चढलेली, म्हणून डॉक्टरांना आधीच सांगा आणि घरी तपासत राहा.

मात्र बोट लाल, गरम होऊन सुजलं, ताप आला, तर वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. बोट अडकून उघडतच नसेल तरी घरी ओढू नका. अशा वेळी किंवा इंजेक्शननंही परत परत येत असेल तर ऑपरेशनचा विचार करायलाच लागतो.

यंदाच्या छाटणीला आईच्या कात्रीच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलीय, मूठ जाड झाली की बोटं कमी आवळावी लागतात, धार रोज लावून ठेवतो आणि अर्ध्या तासानं कात्री तिच्या हातातनं काढून घेतो, ती चिडली तरी.