माजी सैनिकाचा सर्व्हिस डॉग आणि मॉलचं गेट: मुंबईत आत कसं जायचं

बाबा फौजेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण दिवाळीत एक सुतळी बॉम्ब फुटला की अजून त्यांचे हात थरथरतात आणि गर्दीत मागून कोणाचा धक्का लागला की घाम फुटतो. आमचा मोती, लॅब्रेडोर आहे, त्यांचा सर्व्हिस डॉग, म्हणजे आजारात मदत करायला शिकवलेला कुत्रा. रात्री ते झोपेत ओरडायला लागले की चादर ओढून त्यांना उठवतो, आणि रांगेत त्यांच्या मागे आडवा उभा राहतो म्हणजे कोणी अंगाला खेटत नाही. हे शिकवण्यात दोन वर्षं गेली. एवढं करून उपनगरातल्या एका मॉलच्या गेटवर "कुत्ता अलाऊड नहीं" ऐकलं आणि बाबा एक शब्द न बोलता परत फिरले. मलाही काही बोलता आलं नाही, कारण मला काही माहीतच नव्हतं. दुसऱ्या कोणाचं असं होऊ नये म्हणून लिहितेय.

आधी एक गोष्ट. रील्समध्ये "फक्त दोन प्रश्न विचारता येतात" असं जे सांगतात ते अमेरिकेचं आहे. तिथल्या १९९० च्या एडीए या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याखाली दुकानदार एवढंच विचारू शकतो की हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का आणि त्याला कोणतं काम शिकवलंय, कागद मागता येत नाहीत, आणि कुत्रा ताब्यात नसेल तर तिथेही बाहेर जायला सांगतात. इथल्या गेटवर हे सांगून काही उपयोग नाही, उलट समोरचा चिडतो. ऑनलाइन मिळणारी "सर्व्हिस डॉग सर्टिफिकेट" पण घेऊ नका, पैसे वाया जातात आणि खोटेपणा पकडला गेला तर पुढच्या खऱ्या माणसाचं नुकसान.

आपल्याकडे आधार म्हणजे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. त्यात सर्व्हिस डॉग असा शब्द धरून "आत सोडा" असं कलम नाहीये, हे स्वतःशी स्पष्ट ठेवा. पण कलम ३ मध्ये भेदभावाला मनाई आहे, आणि भेदभावाच्या व्याख्येत वाजवी सोय, म्हणजे दिव्यांग माणसासाठी करता येण्यासारखा बदल, नाकारणं पण येतं. सेवा दिव्यांगांना वापरता येतील अशा द्या, असं सांगणारं कलम ४६ खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. मानसिक आजार त्या कायद्याच्या २१ प्रकारांमध्ये आहे, म्हणजे पाय गमावलेल्या जवानालाच हक्क आहे आणि रात्री झोप न येणाऱ्याला नाही असं मुळीच नाही. ४०% अपंगत्वाची अट सरकारी सवलती, आरक्षण यांसाठी, भेदभाव नको म्हणायला ती लागत नाही. तरीही यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा, सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो, कारण गेटवर कलम कोणी वाचत नाही, कार्ड बघतात.

घरातून निघतानाच्या फाईलमध्ये यूडीआयडी, माजी सैनिक ओळखपत्र, मोतीचं महापालिकेचं लायसन्स, रेबीजचं व्हॅक्सिनेशन कार्ड, आणि सगळ्यात कामाचं म्हणजे मानसोपचार तज्ज्ञांचं एका पानाचं पत्र. "कुत्र्यामुळे बरं वाटतं" असं नको, कुत्रा नेमकं काय काम करतो ते लिहून घ्या. नुसता धीर देणारा आणि काम करणारा कुत्रा यातला फरक त्याच एका वाक्यात आहे.

आता ट्रेनिंग, इथे लोक घाई करतात. आम्ही सुरुवात ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून केली, मग किराणा, मग बँक, आणि मॉल शेवटी, तोही मधल्या वारी सकाळी उघडल्या उघडल्या. टेबलाखाली तासभर गप्प पडून राहता आलं पाहिजे, पडलेला वडा हुंगायचा पण नाही, आणि आत जायच्या आधी शी-शू उरकलेली हवी. एस्कलेटर अजिबात नको, नखं आणि पंजे अडकतात, लिफ्टच घ्या. पावसाळ्यात दोन टॉवेल लागतात, गेटच्या बाहेरच पाय आणि पोट पुसा, कारण पहिली तक्रार चिखलाचीच येते आणि ती बरोबर असते. कुत्रा भुंकला, कोणावर धावला, तर स्वतःहून बाहेर या, त्या दिवशी हक्काची भाषा करू नका.

मोठ्या ठिकाणी जायचं असेल तर आदल्या दिवशी मेल करा. फोन पण करा, पण मेल हवाच. रेस्टॉरंट सगळ्यात अवघड, खाद्य सुरक्षेच्या नियमात प्राण्यांना आत न घेण्याची अट आहे, मॅनेजर ते दाखवतो तेव्हा तो बहाणा करत नसतो. तिथे किचनपासून लांबचं किंवा बाहेरचं टेबल मागायचं, बहुतेक वेळा यावर जमतं.

गेटवर गार्डशी भांडू नका, त्याची नोकरी असते. बरेच गार्ड स्वतः माजी सैनिक असतात, बाबांनी रेजिमेंटचं नाव काढलं की अर्धं काम तिथेच होतं. एवढंच म्हणायचं: "दादा, हा फिरायला आणलेला नाही, वडिलांच्या आजारासाठी शिकवलेला आहे. मॅनेजरना बोलवता का? आम्ही बाजूला थांबतो." मॅनेजर आला की कागद दाखवा, आणि नाही म्हणाला तर शांतपणे कारण लिहून मागा. लिहून देत नसेल तर तिथेच उभं राहून त्यांच्या ऑफिसला मेल टाका, वेळ, गेट नंबर, काय बोलले ते सगळं. आपल्या माणसाला त्या वेळी गाडीत किंवा सावलीत बसवा, वाद त्यांच्यासमोर चालू ठेवू नका, त्यांना त्रास होऊ नये म्हणूनच तर कुत्रा आहे.

नंतरची तक्रार पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाते, चौकशीत त्यांना दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. कायदा मोडल्याचा दंड पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत, नंतर किमान ५०,००० आणि ५ लाखांपर्यंत. चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर कलम ९२, त्यात कैद आहे, पण हे हत्यार फक्त खऱ्या अपमानासाठी. पैसे भरून सेवा नाकारली असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. वकील परवडत नसेल तर १५१०० वर फोन करा, दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदत मिळते. आणि कोणी म्हणालं की खासगी कंपनीचं काय वाकडं होणार, तर जीजा घोष यांची केस सांगा. सेरेब्रल पाल्सी आहे म्हणून त्यांना २०१२ मध्ये खासगी विमानातून उतरवलं, आणि सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये १० लाख भरपाई द्यायला लावली. त्यात कुत्रा नव्हता, पण मुद्दा तोच आहे.

जिथे आत घेतलं तिथल्या मॅनेजरला दुसऱ्या दिवशी आभाराचा मेल नक्की करा, त्यात "तुम्ही सर्व्हिस डॉगला प्रवेश दिलात" असं स्पष्ट लिहा आणि त्यांचं उत्तर प्रिंट काढून फाईलमध्ये लावा. पुढच्या गेटवर आम्हाला कायद्याच्या कलमापेक्षा तो कागद जास्त कामाला आलाय.